तोड

मोर्शी रोडले संत्र्याचं बंद शेड हाये,
तठी चायीस खुर्च्या अन् एक जनरेटर.
लग्न काय? म्या इचारलं.
"खेयाची जत्रा," सुकेशिनी म्हने,
"आपल्यासारख्यायची."
म्या पावती फाडली.

तुमसर, कारंजा, दारव्हा,
पोट्टे जोडीनं आले, पोट्ट्याबी जोडीनं,
एक जन ना पोट्टा ना पोट्टी, फाशे खुयखुयवत.
संत्र्याच्या पेट्यायचे टेबल.
पारसच्या गेमात रातचा ट्रक चालते,
डायवर, किलिंडर, दोघायची एकच चादर.
घरून फोन येते. उचलला तं एक लाइफ कमी,
नाही उचलला तं दोन.
पाच खेप हारलो. नागपूर काही आलं नाही.

मंग लाइट गेली.
जनरेटर माहाच, डिझेल म्याच भरलं नव्हतं.
कोनी चिडलं नाही.
मोबाइलच्या उजेडात सुकेशिनीनं फरशीवर
खडूनं पट आखला, चिचोके घासले,
आपला अष्टा-चंगाच.
"फक्त तोड नाही," थे म्हने,
"घरात जाले कोनाले मारा लागत नाही अठी."

म्या तोड करूनच घर पाह्यलं आजलोक.
लग्नबी तसंच.

समोर बसला कुऱ्ह्याचा वासुदेव टेलर,
दहावीपासून माह्याशी न बोललेला,
आता चष्म्याले दोरी.
त्यानं बांगडीचा तुकडा
माह्या तुकड्याजवय आनून ठेवला.
"एका घरात दोन मावते का?"
नियम मले मालूम नव्हता.
सुकेशिनीले इचारलं नाही.
बोटानं माहा तुकडा जरा सरकवला.

बिलात जनरेटर लावला नाही.