अडेलिनोच्या गुडघ्याबद्दल

सेतुबालच्या निम्म्या फुटपाथांवर
तू गुडघे टेकलेस, अडेलिनो,
आणि कधी कुणापुढे हरला नाहीस.
चुनखडीचा पांढरा, बसाल्टचा काळा,
हातोडीच्या दोन ठोक्यांत दगड बसवायचास.
आता मासळीबाजाराच्या चढावर मध्येच थांबतोस
आणि म्हणतोस, बोटी बघतोय.
बोटी तिथून दिसत नाहीत.

बस इथे. मी सांगते काय होतं ते.
डॉक्टरीणबाई कागदावरचं सांगेल,
मी माझ्या खुब्यातलं सांगते.

सकाळी एक पोरगी मार्कर घेऊन येईल,
कुठला पाय, विचारेल.
मग दुसरी. मग तिसरा कुणीतरी.
चिडू नकोस, ते विसरलेले नसतात.
मांडीवर निळा बाण काढतील.
माझा आठवडाभर गेला नाही,
खरं सांगायचं तर मी साबण लावलाच नाही.

पूर्ण झोपवलं नाही मला. पाठीत सुई,
आणि कंबरेखालचं तेवढं विझवलं,
खालच्या मजल्याचा फ्यूज काढावा तसं.
पण आवाज येतो. हे कुणी सांगत नाही.
आधी करवत, मग ठोके.
तुला ते ओळखू येतील.
दगड बसला की नाही ते कानाला कळतं,
असं तूच म्हणायचास ना?
मग पडल्या पडल्या ऐक,
आणि देवाशप्पथ, त्यांच्या चुका काढू नकोस.

संध्याकाळी म्हणतील, उठा.
थट्टा वाटेल. पांघरुणात कुणीतरी
ओंडका ठेवून गेलंय असं वाटेल.
वॉकर धरून चार पावलं, मानेवर घाम,
आणि संडासाचं दार लिस्बनइतकं लांब.

गुडघा पपनसाएवढा सुजेल,
वांग्याच्या रंगाचा, मग जुन्या पितळेचा.
त्यावर एवढी मोठी पट्टी,
बहात्तराव्या वर्षी गुडघ्याला बाशिंग!
इडालिना हसेल. हसू दे.
पोटात रोज सुई तीच टोचणार आहे,
रक्त गोठू नये म्हणून,
आणि तिचा हात अजिबात थरथरणार नाही,
पंचेचाळीस वर्षांचा हिशोब आहे तिच्याकडे.

मग ग्रासिएत येईल, व्यायामवाली.
ती नव्वद अंश मागेल, तू साठ देशील.
इथे घासाघीस चालत नाही.
दुखण्याची गोळी दुखायच्या आधी घे,
मर्दपणा नंतर दाखव.
जिना चढताना धडका पाय आधी,
उतरताना दुखरा आधी,
मी उलटं केलं एकदा,
आणि कठड्याला मिठी मारून
शेजाऱ्याच्या कुत्र्याची माफी मागितली.

तिसऱ्या आठवड्यात रडू येईल.
दुखण्याचं नाही.
दोन्ही हात काठ्यांत अडकलेले असतात
आणि कॉफीचा कप ओट्यावरच राहतो, त्याचं.
मी कारखान्यात एकतीस वर्षं उभी राहिले,
सार्डिनची डोकी उडवत,
कुणासमोर डोळे पुसले नाहीत.
त्या कपासमोर पुसले.

आणि एक गोष्ट.
तुझ्यासाठी मीच विचारून आले,
तू विचारणार नाहीस म्हणून.
चालशील, म्हणाली. झोपशील रात्रभर.
चढावर थांबावं लागणार नाही.
पण गुडघ्यावर बसून काम,
ते आता नाही.
टेकवता येईलही कदाचित, गादीवर, क्षणभर.
दगडावर नाही.

गप्प झालास.

माझ्या दारासमोरचा तो निसटलेला दगड,
बसवतो म्हणून दोन हिवाळे काढलेस.
राहू दे. त्या खड्ड्यात पाणी साचतं,
चिमण्या येतात.
नाहीतर इडालिनाच्या भाच्याला पाठव,
तू स्टूल घेऊन बस, शिव्या दे,
दगड हातात फिरवून त्याचा चेहरा कुठला
ते दाखव त्याला.

बॅग भरलीस?
ही सपाता नको, घसरते.
मागून बंद असलेली घे.