चुन्याची पावलं

तीन महिने काठी हातात दिली नाही त्यांनी.
काठ्या भिंतीला टेकून उभ्या, तेल पिऊन गप्प,
आणि आम्ही सात मुली
घोरपडे पेठेतल्या तालमीच्या मागच्या अंगणात
चुन्यानं काढलेल्या पावलांवर पावलं ठेवत.
डावं पुढं. उजवं मागं, तिरकं.
पुन्हा.
मांड्या भरून यायच्या, चुना बोटांत शिरायचा,
रात्री चादरीवर पांढरे ठसे.

ढमढेरे वस्ताद दिवसा पीएमटीत कंडक्टर.
संध्याकाळी खाकी शर्ट खुंटीला जायचा,
पिशवीच्या पट्ट्याचा वळ खांद्यावरच राहायचा.
म्हणायचे, हात खोटं बोलतो,
डोळे तर बोलतातच,
पायाला ते जमत नाही.
मारणारा आधी टाचेनं सांगतो, हाताला मागून कळतं.
तू टाच वाच.

मंदा बहिरट महिन्यात कंटाळली, टायपिंगला गेली.
मी म्हटलं, वस्ताद, घरी विचारतात, काय शिकलीस?
काय सांगू? उभं राहायला?
सांग की, म्हणाले.
पेठेत किती जणांना येतंय?

एका रविवारी आम्हाला गाडीत चढवलं, स्वारगेटला.
स्वतःच्या पैशानं सहा तिकिटं फाडली
आणि म्हणाले, दांडा धरायचा नाही. कात्रजपर्यंत.
पद्मावतीच्या ब्रेकला मी एका काकांच्या मांडीवर,
त्यांच्या पिशवीतली तोंडली गाडीभर.
काका जे बोलले ते इथं लिहीत नाही.
मागून नुसती पंचची टकटक, आणि
'गुडघा मेला होता तुझा. जिवंत ठेव.
ड्रायव्हरची मान बघ, ब्रेक आधी तिथं लागतो.'
तोंडली वेचता वेचता मी मान बघत राहिले.
बालाजीनगरला पडले नाही.
पडले नाही, एवढंच,
पण घरी येऊन दोनदा जेवले.

चौथ्या महिन्यात काठी हातात आली
तेव्हा ती फिरवावी लागलीच नाही.
मातीतून काहीतरी पोटरीत आलं,
पोटरीतून कमरेत,
काठी बिचारी त्याच्या मागं मागं गेली.

खरं सांगायचं तर
आजवर मी कुणाला काठी मारलेली नाही.
एकदाच, ऑफिसात, एक साहेब माझा हिशोब
स्वतःच्या नावावर वाचून दाखवत होते,
मी उठले. टेबलामुळं त्यांना दिसलं नाही:
डावं पुढं. उजवं मागं, तिरकं.
सँडलमधे बोटं जमिनीला धरून.
आवाज चढवावा लागला नाही.

गेल्या वर्षी वस्तादांची डावी बाजू गेली.
फिजिओथेरपीची पोर चांगली आहे, गोड बोलते,
आजोबा, टाका पाऊल, शाब्बास आजोबा.
ते फरशीकडं बघत बसायचे,
जणू तिथं काही लिहायचं राहून गेलंय.

मी खडू घेऊन गेले.
शहाबादी फरशीवर गुडघे टेकून पावलं काढली,
पलंगापासून मोरीच्या दारापर्यंत अकरा.
सूनबाई दारात, काही बोलली नाही, दूध उतू गेलं तिचं.
वस्तादांनी बराच वेळ पाहिलं.
अर्धं तोंड हललं:
'मागचं… तिरकं काढ.'

चाळीस वर्षांनी तीच चूक.
ओढणीनं पुसलं, पुन्हा काढलं.
मग ते उठले, माझ्या खांद्याला धरून.
माझा खांदा डुगडुगला, त्यांचा हात नाही.
पहिल्या ठशावर पाऊल गेलं,
दुसऱ्याला अर्धं बाहेर पडलं,
त्यांनी मागं ओढलं
आणि पुन्हा ठेवलं, नीट.

मुलानं लक्ष्मी रोडवरून आणलेली
चार पायांची चकचकीत काठी
कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती.
मी ती पुढं केली.
त्यांनी मान हलवली.
'तीन महिने,' म्हणाले.
'आधी पाय.'