समोर बसलेलं माणूस

बाबांच्या दुकानात मेलेली माणसं फार शहाणी.
हलत नाहीत, खोकत नाहीत,
झालं का म्हणून विचारत नाहीत.
नखाएवढ्या फोटोवर बाबा दोऱ्याची जाळी ताणतात,
कागदावर तेवढेच चौकोन मोठे आखतात,
आणि भिंगातून एकेक चौकोन उचलून
इकडचा तिकडे नेऊन ठेवतात.
रॉकेलच्या दिव्याची काजळी गोळा करायची,
फडक्यातून गाळायची, हे काम माझं.

नाम दिन्हमधल्या निम्म्या घरांत
पूर्वजांच्या चौरंगावर, उदबत्तीच्या धुरात,
बाबांच्या काजळीतली माणसं बसलेली आहेत.
त्यातल्या एकालाही
बाबांनी चालताना पाहिलेलं नाही.

मिएन आजी आली ती रिकाम्या हातांनी.
फोटो?
पुरात गेला. एकच होता.
मग?
तिने शंकूची टोपी काढून भिंतीला टेकवली,
स्टूल ओढलं.
मी आहे ना. कान आमचे सारखे,
हनुवटी दोघांची आईची.
बाकीचं सांगते, तुम्ही काढा.

थ्वान. धाकटा भाऊ, हिने कडेवर वाढवलेला,
लढाईवर गेला तेव्हा एकोणीस.
ही एकोणसत्तर.

बाबांनी सवयीने दोरा हातात घेतला
आणि तसाच धरून राहिले.
जाळी ताणायची कुठे?

मग नुसतेच बघायला लागले.
खाली कागदाकडे पाहून मान वर करावी
तोवर आजी दुसरीच झालेली.
माशी वारली. पान गालात सरकवलं.
दारातलं ऊन सकाळी तिच्या कानात होतं,
दहाला गळ्याशी आलं,
बाहेरून मोटारसायकल गेली की
अख्खा चेहरा एकदा पुसला जाऊन परत यायचा.
फोटोत उजेड एकदाच पडतो
आणि मरेपर्यंत तिथंच राहतो;
हा उजेड पायांचा होता.
बाबांनी तीन कागद फाडले.
बाबांना कागद फाडताना
मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

आजीला त्याचं काही नव्हतं, ती बोलत होती.
ऊस दातांनीच सोलायचा मेला,
म्हणून पुढचा दात जरासा उडालेला.
शाळामास्तरांची सायकल न विचारता घेतली,
चालवता येत होती, थांबवता येत नव्हती,
बदकांच्या तळ्यात थेट...
आणि ती हसली.

हसताना सुरकुत्या कुठं गेल्या देव जाणे.
क्षणभर कुणीतरी तिच्या तोंडावरून
सायकलवरून गेल्यासारखं गेलं.

बाबा म्हणाले, ते परत सांगा.
काय?
सायकलचं.

दुपारपर्यंत तो मुलगा
अकरा वेळा तळ्यात पडला.
दर वेळी बदकं वेगळी, कधी सात, कधी वीस.
बाबा आता तिच्याकडे पाहतच नव्हते म्हणा,
दबा धरून बसले होते.
तो आला की हात चालायचा,
तो गेला की थांबायचा.
आजी मात्र तिथेच बसलेली असायची,
म्हातारी, घामेजलेली, पानाचा लाल ओठ.

संध्याकाळी चित्र दारात उभं केलं.
एक डोळा थोडा वर गेला होता.
चौकोनांत अशी चूक कधी झाली नसती.
आजीने बराच वेळ पाहिलं,
पदराने नसेल, बाहीने असेल, नाक पुसलं.
म्हणाली,
हा थ्वान नाही.
बाबांनी मान खाली घातली.
पण हा मला ओळखतो, म्हणाली,
आणि वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेली.
पैसे द्यायचे राहिले. मागायचेही.

दुसऱ्या दिवशी नेहमीचं काम.
एका पोस्टमास्तरांचा ओळखपत्रावरचा फोटो,
कोपऱ्यात शिक्क्याची निळी कड.
जाळी ताणली, भिंग लावलं.
मी काजळी गाळता गाळता पाहते तर
बाबा एक चौकोन भरतात
आणि मान वर करतात,
दारालगतच्या रिकाम्या स्टुलाकडे.
पुन्हा एक चौकोन. पुन्हा वर.

पोस्टमास्तर पापणी न हलवता
वाट बघत बसलेले.
स्टुलावरचं ऊन
एव्हाना जमिनीवर उतरलेलं.