आतून धरणारी

सगळ्यांत आधी, ड्राहोमीरा म्हणाली, वाया गेलेला पंख घे.
प्रत्येकाकडे असतो एक. माझ्याकडे तीन निघाले,
एकावर माझ्याच अंगठ्याचा ठसा, गोंदात कायमचा.

कुनोवित्सेच्या वाचनालयाचं तळघर, गुरुवारची संध्याकाळ.
बाहेर उणे नऊ. आत हीटरवर वाळत घातलेले हातमोजे,
खसखशीचे पाव आणि थिनर, दोन्हींचा मिळून एकच वास.
मी एकसष्ट वर्षांचा, पोस्टातून निवृत्त, सगळ्यांत नवखा.
शेजारी व्होयता, वय अकरा,
माझ्यापेक्षा सहा विमानं पुढे.

पेन्सिलीने रेघ आखायची, आराखडा बघून.
रेघेलगत जाड चिकटपट्टी, म्हणजे चाकाला वाट चुकायला नको.
मग ते चाक:
कापडावर खुणा उमटवायला शिंपी फिरवतो
त्याचंच नातवंड, दात इतके बारीक
की बोटाला टोचत नाहीत, नुसते कुरतडतात.
"दाबू नकोस, चालव.
तिकिटावर शिक्का मारत नाहीयेस तू."

माझा धावदोरा पहिल्या बोटभरातच भरकटला,
पंखाच्या टोकाशी पोचेतो मुंग्यांची रांग
साखर सापडल्यासारखी फुटली.
व्होयता हसला. ड्राहोमीरा हसली नाही.
पुटी भर, वाळू दे, घास, पुन्हा.
रिव्हेट चुकलं म्हणून विमान पडत नाही इथे, ती म्हणाली,
आणि जरा थांबून: इथे.

नदीपलीकडच्या कारखान्यात लागली तेव्हा ती एकोणीसची, अंगाने चिमणी,
म्हणून तिला पंखाच्या आत पाठवायचे.
बाहेर ओताकार, हवेच्या बंदुकीवर.
आत ती, उताणी, हातात पोलादी ठोकळा
रिव्हेटच्या शेपटाला टेकवून.
बाहेरून घाव, आतून आधार,
मधल्यामध्ये शेपूट चपटं होतं
आणि दोन पत्रे एकमेकांचे होतात.
त्या ठणाण्यात बोलणार काय?
ठोकळ्याने एकदा टकटक: झालं, पुढचं.
दोनदा: पुन्हा मार.
"तोंड दिसायचं जेवणाच्या सुट्टीत.
पण त्याचा हात कधी दमलाय
ते मला पत्र्यातून कळायचं."
आठ वर्षांत किती रिव्हेटं, तिने मोजली नाहीत.
डावा कान तिथेच राहिला. उजवा निम्मा.

"हे मात्र खोटंच," मी म्हणालो,
"प्लास्टिकला टोचे मारायचे. कशाने काही धरलेलं नाही."
तिने ते माझ्या ओठांवरून ऐकलं.
उत्तर दिलं नाही. विमानाच्या धडाचा अर्धा भाग उचलला,
अजून न जोडलेला, शेंगेच्या टरफलासारखा पोकळ,
आणि आतून अंगठा टेकवला.
नख पिवळं, पेर वाकडं.
भुवया उंचावल्या: चालव.

प्लास्टिक आता दबत नव्हतं.
चाक कुरकुरत निघालं, दाराखालून, खिडक्यांच्या ओळीखालून,
आणि चाकापुढे पुढे सरकत राहिला
पलीकडून तिचा अंगठा, मला न दिसणारा.
किती जोर लावतोय मी, ते तिला
माझ्याआधी कळत होतं.

मग काळा तैलरंग पातळ करून फासला,
कापसाच्या काडीने पुसला, नाकाकडून शेपटीकडे, वारा जातो तसा.
निम्मे ठिपके पुसून गेले. मी हळहळलो.
"सगळे दिसायचे नसतात, आजोबा," व्होयता समजावणीच्या सुरात,
"हातभर लांबून बघताय ना,
म्हणजे तुम्ही पन्नास पावलांवर उभे आहात."
मी पन्नास पावलांवर उभा राहून बघितलं.
विमान होतं. पावसापाण्यातून आलेलं वाटत होतं.

फक्त तिसऱ्या खिडकीखाली
एक ठिपका दुसऱ्यावर चढलेला.
रंगाने तोच नेमका उठून दिसत होता.
मी काही बोललो नाही, तिला सांगायचं म्हटलं तर
ओरडावं लागलं असतं, आणि सगळ्यांनी मान वर केली असती.
नखाने नुसता दाखवला.

ड्राहोमीराने चष्मा वर सारला, खाली केला.
अंगठा पुन्हा आत, त्याच जागी,
आणि रिकाम्या हाताने टेबलावर टकटक केली,
दोनदा.

मी चिकटपट्टीचं टोक शोधू लागलो.