चोवीस ओळी कमी

ठाकूरद्वारच्या बोळात, तळमजल्यावर
मी खिळे जुळवायचो.
उलटं वाचायला तिथेच शिकलो:
खून आधी, कारण मागाहून.

टिपणीस मास्तर एकवीस तारखेला
हप्ता आणून टाकायचे, शाई ओली.
पानामागे अडीच रुपये.
म्हणून त्यांच्या गोष्टीत जिने फार.
इन्स्पेक्टर एकेक पायरी चढायचा
तसतसं मास्तरांचं वाण्याचं बिल उतरायचं.

सोळाव्या पानाच्या तळाशी
कुणीतरी दार ठोठावलंच पाहिजे, ही मालकांची ताकीद.
दारात बहुधा दूधवाला असे.
पण ते पुढच्या महिन्यात. तोवर अंक खपलेला.

मार्चात खुन्याचे डोळे घारे होते,
जूनमध्ये काळे.
मी दाखवलं तर म्हणाले, "आंब्रे,
महिनाभर डोळे कोण लक्षात ठेवतो?
किंकाळी राहते."

परळच्या एका बाईंचं कार्ड आलं:
ती टायपिस्ट मेली तर वर्गणी बंद.
तिचं प्रेत तर आधीच्या अंकात छापून गेलेलं.
मास्तरांनी जुळी बहीण काढली.

मग तो ऑक्टोबर.
केसांच्या तेलाची जाहिरात ऐनवेळी आली,
चोवीस ओळी उडवायच्या.
मास्तर नायर हॉस्पिटलात, बायकोच्या उशाशी.
मशीन दहाला सुरू होणार.
मालक म्हणाले, तूच काढ.

मी विधवेचा कबुलीजबाब काढला.
अख्खा. परमेश्वर, पोटच्या पोरीची शपथ,
तीन वेळा पश्चात्ताप.
उरलं ते एवढंच:
ती उठली. कप विसळले.
दोन होते.

मास्तरांनी अंक उभ्याउभ्याच वाचला.
चष्मा पुसला, पुन्हा वाचला.
मला काही बोलले नाहीत.
पण पुढच्या हप्त्यात इन्स्पेक्टर
एका ओळीत तिसऱ्या मजल्यावर पोचला
आणि वाण्याचं थकलं.
असं चार महिने.
ते चार हप्ते मी जुळवताना
हात थांबवून वाचले आहेत.
तशी चूक मी आधी कधी केली नव्हती.

पुढे पुस्तक निघालं. सलग.
दर सोळा पानांनी दार वाजत होतं,
एका घराला किती दूधवाले, हसू यायचं.
डोळे तर एका रात्रीत बदलत होते.
हस्तलिखितात त्या चोवीस ओळी
परत आल्या होत्या, मास्तरांच्याच अक्षरात.
"पुस्तकात जागा आहे," म्हणाले,
माझ्याकडे न बघता.

मीच जुळवल्या. एकेक खिळा.
दुसरा कप कुठे बुडाला, कळलंही नाही.
तिसऱ्या पश्चात्तापाला
श्चचा जोडखिळा संपला.
पोराकरवी विचारलं: एखादा गाळू का?

चिठ्ठी आली:
शेजारच्या प्रेसातून उसना आण.