चालू रीडिंग

तीस वर्षं मी लोकांच्या घरचे मीटर वाचले.
मागील रीडिंग, चालू रीडिंग, फरक.
कुत्रं बांधलंय का, विचारायचं, मगच फाटक लोटायचं.
सिव्हिल लाइन्सचा भाग मी मागून घेतला होता,
साहेबांना कारण दिलं गुडघ्याचं.
खरं कारण भिंतीपलीकडे पांढऱ्या कपड्यांत
विदर्भाकडून खेळत असायचं.

डिसेंबरचं ऊन, पूर्वेच्या स्टँडला एकोणीस माणसं:
चार पोलीस, एक शेंगदाणेवाला, एक झोपलेला,
बाकी आम्ही.
शेषराव निखाडे पायरीवर पेपर अंथरून म्हणायचे,
"पाच जाऊ दे, मंग डबा खोलू."
अकराच्या आत डबा खोलला जायचा.
त्यांच्या घरची वांग्याची भाजी
अजून माझ्या जिभेवर फॉलोऑनसारखी लागते.

पावसाळ्यात मात्र मी गड्डीगोदामचा.
आमचा नवज्योत क्लब, जर्सी हिरवी,
दोन धुण्यांनंतर कुठलाच रंग नाही.
मैदान नाल्याकडे उतरतं,
म्हणून टॉस जिंकला की आधी उतार मागायचा,
आणि टॉस आम्ही हरायचो.
गोलकीपर नईम दिवसभर वेल्डिंग करायचा.
संध्याकाळी त्याच्या लाल डोळ्यांना
एका चेंडूचे दोन दिसत.
तो प्रामाणिकपणे दोन्ही अडवायला जायचा,
मधून तिसरा जायचा.

कामठीचे पोट्टे टेम्पोत उभे राहून यायचे,
जिंकून, तसेच उभे राहून जायचे.
एकदा तर पेनल्टी होती, साफ होती,
अख्ख्या नाल्याने पाहिली,
रेफरी फ्रान्सिस सरांनी पाहिली नाही.
मी त्यांना जे बोललो ते इथे लिहीत नाही.
ते माझ्या मुलीला गणित शिकवायचे.
त्या वर्षी पालकसभेला कुंदा एकटी गेली.

जुन्या मीटरबुकात मी सगळं मांडून ठेवलंय,
क्रिकेट काळ्या शाईत, फुटबॉल निळ्या.
मीटर उलटा फिरत नाही म्हणतात.
आमचे फिरायचे.

आणि मग तो चषक आला.
दुसऱ्या गावी, दुसऱ्यांच्या मैदानावर जिंकला आम्ही.
मी पाहिला रामदासपेठेतल्या एका पानठेल्यावर,
अनोळखी पोराच्या मोबाइलात, मान वाकडी करून.
फटाके फुटले. ऑफिसात पेढे.
ज्याला मिड-ऑन कुठे ते ठाऊक नाही
तो कॅशियर म्हणाला, "आपली टीम!"
आपली?
त्या एकोणिसांत तू कुठला होतास, बे?
पेढा खाल्ला मी. घशातून उतरला नाही.
इतकी वर्षं जे मागत होतो
ते मिळाल्यावर असा चिडलो
जसं कोणी माझ्या खुर्चीत येऊन बसलंय.

शेषराव तीन वर्षांपूर्वी गेले होते.
त्यांच्या घरी सांगायला गेलो.
वहिनी मेथी निवडत होत्या.
"जिंकले म्हणता?" मान वर न करता म्हणाल्या,
"मंग हे तिकडे शिव्या कोणाले देतील?"

आता मोठे सामने वर्धा रोडला, गावाबाहेर.
तिकीट फोनवर, गाडी लांब लावायची.
मी दोनदा गेलो. हिरवळ छान आहे.
झोपायला जागा नाही.
साहेबांना सांगितलेला गुडघा
आता खरा झाला.

रविवारी नवज्योत होता, कामठीशीच.
गोलमध्ये नईमचा मुलगा, ग्लोव्हज बापाचे,
अंगठ्याला काळी टेप.
मीटरबुक मांडीवर.
मागील रीडिंग: शून्य–चार.
चालू रीडिंग: शून्य–तीन, सत्तरावं मिनिट.
बघा, एका गोलाची बचत.
शेजारच्या पोराने विचारलं, "काका, तुम्ही कोणाकडून?"
उत्तर देणार होतो,
तेवढ्यात कॉर्नर मिळाला,
आम्हाला,
उताराच्या बाजूने,
आणि मी उभा राहिलो.