एकाच रोलवर दोनदा

मी विजेचे मीटर वाचणारा माणूस, कुताइसीचा.
सुट्टीत दोन कॅमेरे गळ्यात अडकवून निघतो;
बायको म्हणते, घुंगरं बांधलेला बैल चालला.

उश्गुलीला डिजिटलवर चारशे फोटो काढले:
बर्फ, दगडी बुरूज, गाईच्या ओल्या नाकपुड्या.
जाबुलीबाईंना पडद्यावर त्यांचाच चेहरा दाखवला.
"मी धड बसलेसुद्धा नव्हते," म्हणाल्या
आणि आत जाऊन
इस्त्रीचा फुलाफुलांचा रुमाल डोक्याला बांधून आल्या.

मग जुना झेनिट काढला.
उजेड बोटांवर मोजला.
एकदाच खटका.

घरी, न्हाणीघरातल्या लाल दिव्याखाली
कागद पाण्यात हलवताना कळलं,
रोल गेल्या उन्हाळ्यातलाच,
पोतीच्या बंदरात पुरता वापरलेला.
जाबुलीबाईंच्या खांद्यातून क्रेन उगवली होती,
चुलीवर लाटा,
मांडीवर कलंडलेली गंजकी बोट,
आणि कपाळाच्या वर
नुसतं पांढरंफटक आभाळ.

फेकवेना. तसाच टपालानं पाठवला, माफी मागून.

महिन्यानं उत्तर आलं, नातवाच्या तिरक्या अक्षरात:
समुद्र बरा आहे.
आमच्या घरात एवढा मावेल असं वाटलं नव्हतं.
पण रुमाल कुठे गेला?
गवत कापून झालं की या.
तोच बांधून बसते.